शेंदरी फोर्ड

परदेशी मुक्काम (गावाचं नाव लिहायला मनाई आहे)
१२ जानेवारी १९४४

सौ. मनुवहिनी यांस हंबीररावाचा नमस्कार.

पत्र आईला वाचून दाखवालच. पण मोटारीबद्दल लिहिलंय तेवढं हळू वाचा. मोठ्यानं वाचलंत तर ती ऐकल्या ऐकल्या उठेल आणि छपरात जाऊन काहीतरी करून बसेल.

इथल्या थंडीपुढे महाबळेश्वरची थंडी म्हणजे खेळ. सकाळी रस्त्यावर पाण्याची काच झालेली असते. ट्रकच्या चाकांना साखळदंड बांधल्याशिवाय ते जागेवर उभेसुद्धा राहत नाहीत. दुपारी ऊन पडलं की सगळा चिखल होतो, खालून ट्रकला चिकटतो आणि तिथेच वाळतो. मग आमचा वर्कशॉपचा हवालदार आम्हाला ट्रकखाली उताणं निजवतो, चिखल खरवडायला लावतो आणि पुसून जुनं इंजिन तेल फासायला लावतो. जो आळस करील त्याचा ट्रक पुढच्या थंडीला भंगारात, असं तो बजावतो. तो माणूस मला मुळीच आवडत नाही, पण बोलतो ते खरं आहे.

तिथे पडल्या पडल्या मला दादाची फोर्ड आठवते. साताऱ्याहून महाबळेश्वरला साहेबलोकांना नेणारी ती काळीभोर गाडी आपल्या गोठ्याशेजारी छपरात उभी आहे. पेट्रोलला कुपनं लागली तेव्हा दादा म्हणाला होता, "सरकारच्या मोटारीला कुपान लागत न्हाई," आणि ड्रायव्हर म्हणून भरती झाला. त्याच्या मागोमाग मी. सिंगापूर पडलं, दादा जपान्यांच्या कैदेत गेला, आणि त्यानंतर त्याचं एक छापील कार्ड तेवढं आलं. तो येणार यात मला शंका नाही. आल्यावर त्याला भाकरीआधी मोटार लागेल. राग मानू नका, वहिनी, तुम्हालाही ते ठाऊक आहे.

तेव्हा एवढं करा. गाडी उचलून दगडांवर ठेवा, चाकं जमिनीला टेकू देऊ नका. इंजिनच्या नळीतलं पाणी सोडून द्या. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो तेच खालच्या सगळ्या लोखंडाला फासा. सकाळी दव पडतं ते रोज पुसा. आणि मोटारीजवळ विस्तव अजिबात नेऊ नका. टाकीत थेंबभर पेट्रोल राहिलं असलं तरी छप्पर उडेल. ही शेवटची गोष्ट आईला तीनदा सांगा.

आपला,
हंबीरराव

करंजवाडी, जावळी
६ मार्च १९४४

हंबीररावभावजी यांस मनुबाईचा नमस्कार.

पत्र पोचलं. त्यात मोटारीची चौकशी पानभर आहे, माझी विचारपूस एका ओळीचीही नाही. मोटारीला हात असते तर तिनेच तुम्हाला उत्तर लिहिलं असतं, माझं चौथीपर्यंतचं शिक्षण वाया गेलं असतं.

सगळं तुम्ही सांगितल्यासारखं केलं आहे. गाडी उचलायला अर्धी वाडी जमली. दगडांवर ठेवल्यावर ती अशी दिसते, जणू बाजेवर बसवलेली नवरी. वंगण मी स्वतः फासलं. पाठीवर पडून मोटारीखाली शिरणारी सून जावळीत माझ्याआधी कुणी पाहिली नसेल. बायका बघायला आल्या होत्या. साडीला काळे डाग पडले ते निघत नाहीत.

रोज सकाळी दव पुसते. आत्याबाई शेजारी उभ्या राहून कुठे राहिलं ते दाखवतात. त्यांचं सगळं चित्त त्या मोटारीत आहे. त्या उघड म्हणतात, "गाडी धड असली तर माझं लेकरू धड." त्यांना काय समजावणार? मलाही आतून तसंच वाटतं. पुसताना फडकं कुठे अडकलं की तेवढी जागा मी पुन्हा पुन्हा पुसते.

विस्तव मोटारीजवळ नेत नाही. त्यामुळे आत्याबाईंचं एक काम अडलं होतं, पण त्यावर आम्ही तोड काढली आहे. काळजी नसावी. तुम्ही स्वतःच्या पायांना काही फासता की सगळं तेल ट्रकलाच?

आपली,
मनुबाई

करंजवाडी
१९ ऑक्टोबर १९४४

भावजी यांस नमस्कार.

हे पत्र मी महिनाभर टाळलं. आता लिहिते. लगेच संतापू नका, पुरतं वाचा.

यंदा आपल्याकडे पाऊस असा लागला की चूल पेटवायला सुकं जळण नव्हतं. छप्पर गळलं नाही, ते मी तुम्हाला शपथेवर सांगते. वंगण होतं तिथे वरून एक डाग नाही. पण दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून आत्याबाईंनी दार उघडलं, आत पाय ठेवला, आणि त्यांचा पाय तळातून खाली गेला. पुढच्या बैठकीखालचा पत्रा पापडासारखा चुरला. आत्याबाईंना लागलं नाही, पण दिवसभर अन्नाला शिवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मनू, माझ्या लेकराला कायतरी झालं."

कारण आम्हीच आहोत. दर अमावास्येला आत्याबाई मोटारीची दृष्ट काढतात, तुमच्या दादांच्या नावाने. मीठ-मोहरी ओवाळायची आणि तिथल्या तिथे विस्तवात टाकायची, तडतडली की दृष्ट गेली. पण तुम्ही लिहिलं होतं विस्तव न्यायचा नाही. ओवाळलेलं मीठ घेऊन घरात चुलीपर्यंत जायला आत्याबाई तयार नाहीत. वाटेत दृष्ट घरात सांडते म्हणतात. मग आम्ही ठरवलं, मीठ पुरचुंडीत बांधून मोटारीतच ठेवायचं. हे आले की एकदम सगळ्या पुरचुंड्या बाहेर काढून विस्तवात टाकू, म्हणजे झालं. ती तोड मीच काढली होती. पावसात सगळं मीठ पाझरलं आणि पत्र्यात शिरलं. पुरचुंड्यांची फडकीसुद्धा उरली नव्हती.

आता काय करायचं ते सांगा. मला रडू येतं आहे आणि लाजही वाटते आहे.

मनुबाई

परदेशी मुक्काम
१० डिसेंबर १९४४

वहिनी यांस नमस्कार.

पत्र वाचून आधी माझं डोकं फिरलं. इतकं, की शेजारच्या कॉटवरच्या गुंडा नावाच्या दोस्ताने विचारलं, घरी कुणी गेलं काय. गुंडा बेळगावकडचा, आमच्याच तुकडीतला. त्याला पत्र वाचून दाखवलं तर तो हसत हसत कॉटवरून खाली पडला. मग मलाही हसू आलं. वहिनी, मोटार नुसती पावसात उभी केली असती तरी एवढी गंजली नसती.

इथे आमचे काही ट्रक बोटीतून उतरवताना समुद्राच्या पाण्यात गेले होते. हवालदाराने त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायला लावले. ज्यांनी टंगळमंगळ केली त्यांच्या ट्रकची चाळण झाली. हे मी तुम्हाला आधी लिहायला हवं होतं. पण जावळीत समुद्र कुठून येणार, असं मला वाटलं. तुम्ही तो पुरचुंडीत बांधून आणलात.

आता ऐका. गोड्या पाण्याने आतलं सगळं धुवा, पुन्हा धुवा, मग चार दिवस उन्हात वाळवा. गंज विटकरीच्या तुकड्याने घासून काढा, पण दाबून घासू नका, हलक्या हाताने चोळत बसा. तळ गेला तो गेला. तिथे सुताराकडून बाभळीच्या फळ्या बसवून घ्या. घासलेल्या लोखंडाला वर्कशॉपात लाल रंग देतात, म्हणजे गंज फिरून धरत नाही. तो रंग तिथे मिळणार नाही. पण मी डबा हुंगून बघितला, हाताला लावून बघितला. तो आपला शेंदूर आहे, वहिनी. जवसाच्या तेलात कालवलेला मारुतीचा शेंदूर. वाण्याकडून आणा आणि जिथे जिथे घासलं तिथे लावा.

आणि पुढचा पाऊस त्या गाडीला जावळीत काढू देऊ नका. तुमचं माहेर कवठ्याला आहे. तिथे मेंढरंसुद्धा पाणी शोधत फिरतात. लोखंडाला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. तुमच्या भावाला, कोंडीबाला सांगा, मेव्हण्याची मोटार सांभाळ.

आईला म्हणावं, मीठ मोटारीत शिरलं, माणसात नाही. दादा धड आहे.

हंबीरराव

कवठे महांकाळ
२२ एप्रिल १९४५

भावजी यांस नमस्कार.

मोटार कवठ्याला पोचली. कशी पोचली ते ऐका.

घासायला बसलो तर गंज इथेही सापडला, तिथेही सापडला. मडगार्डवर, दारांच्या खाली, दिव्यांच्या मागे. तुम्ही लिहिलं होतं घासलेल्या जागी शेंदूर लावा. ठिगळं ठिगळं दिसायला लागली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "अर्धामुर्धा देव बरा न्हवं," आणि टपापासून खालपर्यंत सगळी मोटार शेंदरी करून टाकली. आता तिच्यावर नावाला काळा रंग नाही.

पेट्रोल नाही म्हणून चार बैल जुंपले. कोंडीबा स्टिअरिंगच्या चाकापाशी बसला. जन्मात त्याने कासऱ्याशिवाय काही धरलं नाही, म्हणून वळण आलं की तो चाक फिरवायच्या ऐवजी "हुर्र, च्याक" करायचा. मागच्या बैठकीवर आत्याबाई मांडीवर देव्हारा घेऊन. साताऱ्यापुढे लोक थांबून हात जोडायला लागले. शेंदूर फासला की दगडाचाही देव होतो, इथे तर चाकं होती आणि आत म्हातारी होती. कराडच्या अलीकडे एका बाईने पुढच्या दिव्याला कुंकू लावलं आणि मूल मागितलं. आत्याबाईंनी आशीर्वाद देऊन टाकला.

आत्याबाई चार दिवसांनी करंजवाडीला परतल्या, मी गाडीपाशी राहिले. इथे छप्पर कोरडं ठणठणीत आहे. कोंडीबाची बायको तानुबाई रोज झाडते. पण गाडी आल्याची बातमी सांगलीपर्यंत गेली. तिथला एक हळदीचा अडत्या, दादासो, येऊन बघून गेला. लढाईच्या दिवसांत नव्या मोटारी मिळत नाहीत, म्हणून त्याला हीच हवी आहे. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "बाई, चालवनारा न्हाई, मग ही ठिवून काय वाती लावायच्या?" मी म्हणाले, लावू.

मनुबाई

परदेशी मुक्काम
१७ जून १९४५

वहिनी यांस नमस्कार.

इकडची लढाई संपली. आम्ही अजून इथेच आहोत, ट्रक धुतो आणि बोटीची वाट बघतो.

काम कमी झाल्यापासून डोक्यात एक गोष्ट घोळते. दीड वर्ष मी तुम्हाला हे करा, ते फासा असं लिहितो आहे. मोटार ठेवायची की नाही हे कधी विचारलं नाही. जपानकडची लढाई चालूच आहे. दादाचं दुसरं कार्ड आलेलं नाही. तुम्ही तिथे एकट्या आहात, आणि मोटार दिसते तेव्हा लोक काय काय बोलत असतील ते मला कळतं. तुम्हाला विकावीशी वाटली तर विका. मी एक शब्द बोलणार नाही, आणि दादा आल्यावर त्याला मी सांगेन की मीच विकायला लावली.

हंबीरराव

कवठे महांकाळ
३० जुलै १९४५

भावजी यांस नमस्कार.

विकणार नाही. हे पुन्हा विचारू नका.

मनुबाई

कवठे महांकाळ
२१ नोव्हेंबर १९४५

भावजी यांस नमस्कार.

तुमचे दादा आले. तुम्हाला तार मिळाली असेलच. मिरजेला उतरून छोट्या गाडीने कवठ्याला आले. कोंडीबा मिरजेपर्यंत गेला होता. आत्याबाई सुनेच्या माहेरात घोटभर पाणीसुद्धा संकोचाने घेतात, पण आठ दिवस आधीपासून इथे येऊन बसल्या होत्या. लेक उतरला तेव्हा त्यांना ओळखू आला नाही. अंगावरचा सदरा दांडीवर वाळत घातल्यासारखा. पण आले. मी देवाकडे जेवढं मागितलं होतं तेवढं मला मिळालं, त्याहून जास्त मागायचा मला हक्क नाही, हे आधी लिहून ठेवते. कारण पुढचं लिहिताना मला फार भीती वाटते आहे.

तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. भाकरीआधी मोटार. तानुबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तोच हे म्हणाले, "मोटार कुटं हाय?" कोंडीबाने हाताला धरून छपरात नेलं. आम्ही सगळ्या मागे उभ्या, तोंडाला पदर लावून. शेंदरी मोटार बघून काय म्हणतात याची आम्ही सहा महिने मजा करत होतो.

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मग मडगार्डवरून, दारावरून, टपावरून सगळीकडे हात फिरवला. आणि म्हणाले, "काय गं, आजून काळीभोर ठिवलीया की!"

सगळे हसले. आत्याबाई सगळ्यांत जास्त. "लेकरू थट्टा इसरलं न्हाई," म्हणाल्या. मी हसले नाही. भावजी, ते माझ्याकडे बघून बोलले, पण माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याशेजारी.

मग त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "करंजवाडीला जायचं ते ह्याच मोटारीनं. मी चालवत. तवर न्हाई." आत्याबाईंनी लगेच मोटारीपुढे नारळ फोडायचा नवस बोलून टाकला. त्याला आता तीन आठवडे झाले. कोंडीबाने कुपनांची खटपट करून पेट्रोल आणलं, तर हे म्हणाले बॅटरी बसली. बॅटरी मिरजेहून भरून आणली, तर टायरवर भरवसा नाही. मिस्त्री येऊन टायर बघून गेला, तर म्हणतात इंजिन आतून गंजलं असेल, चालू करायचं नाही. रोज दिवसभर मोटारीपाशी बसतात. बोटांनी मडगार्डच्या आतून चाचपतात आणि आमच्या नजरेतून सुटलेला गंज काढतात. घरात भिंतीला हात लावून चालतात, आणि कुणी आलं की हात काढून खाकरतात.

त्यांना किती दिसतं ते मला माहीत नाही. अंधूक काहीतरी दिसत असावं. दुसऱ्या कुणाला अजून कळलेलं नाही. मी सांगू का? तुम्ही त्यांचे भाऊ आहात, ड्रायव्हर आहात. काय करू ते लिहा.

मनुबाई

पुणे, मिलिटरी कॅम्प
९ डिसेंबर १९४५

वहिनी यांस नमस्कार.

बोटीतून उतरलो. तुमचं पत्र फिरत फिरत इथे आलं.

तुम्ही उगाच घाबरला आहात. दादा थट्टेखोर आहे. तुम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून उभ्या राहिलात तेव्हाच त्याने ओळखलं असणार की काहीतरी बेत आहे, आणि तुमच्यावर उलटवला. शेंदरी मोटारीला काळी म्हणणं हे अगदी त्याचंच. बाकी अशक्तपणा. चार महिने दूध-भाकरी खाल्ली की घाटात रेस लावील.

दुसऱ्या दिवशी लिहितो. वरचं खोडायला हवं होतं, पण कागद दुसरा नाही. वहिनी, मला ते खोटं ठरायला हवं होतं म्हणून तसं लिहिलं. काल तिकडून सुटून आलेल्या काहींना इथल्या इस्पितळात भेटलो. भात आणि पाणी, त्याशिवाय काही नाही, अशी साडेतीन वर्षं. त्यांतल्या दोघांचे डोळे तसेच झाले आहेत. कडा दिसतात, मधलं दिसत नाही. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही म्हणतात. खाणंपिणं सुधारल्यावर काहींना थोडं येतं, काहींना नाही.

मला गाडी दादाने शिकवली. केळघरच्या घाटात पहिल्या दिवशी त्याने मला सांगितलं होतं, ड्रायव्हरचा पाय गेला तरी तो काठी घेऊन मालक होतो, डोळा गेला की तो उतारूच. त्यामुळे तुम्ही सांगू नका. मीही नाही. त्याचं त्याने बोललेलं बरं. आपण सांगितलं तर तो आपल्या दोघांसमोर पुन्हा कधी ताठ बसायचा नाही. माझी सुट्टी संक्रांतीनंतर मंजूर होईल. आलो की मी गाडी चालवतो, त्याला म्हणेन लढाईत माझा हात बिघडलाय, तू शेजारी बसून चुका काढ. तोवर त्याला कसंही करून गाडीत पाय ठेवू देऊ नका. एवढंच सांभाळा.

हंबीरराव

कवठे महांकाळ
११ जानेवारी १९४६

भावजी यांस नमस्कार.

उद्या आम्ही डोळे दाखवायला मिरजेच्या इस्पितळात जातो आहोत, म्हणून आजच लिहिते. तुम्ही सांभाळा म्हणालात ते माझ्याच्याने झालं नाही.

काल सांगलीचा दादासो अडत्या परत आला. मोटार विकायला नाही असं मी दारातच सांगितलं. पण हे आतून म्हणाले, "बघू द्या की. इकायची बी असंल." मला धक्काच बसला. मग मनात आलं, एकदा विकली की चालवायला नको, आणि गावाला मोटारीशिवाय जायला निमित्तही झालं. मी दारातून बाजूला झाले. विकून त्यांची सुटका होत असेल तर विकू दे, असंच मला त्या वेळी वाटलं. तुम्हाला पटणार नाही, पण वाटलं.

दादासो मोटारीभोवती फिरला. शेंदूर बघून हसला. तळातल्या फळ्या ठोकून बघितल्या. मग ह्यांना म्हणाला, "जोतिबाराव, समदं झ्याक हाय. पर मोटार बसून थोडीच इकत घेत्यात? वाईच फिरवून दावा. त्या पिंपरणीच्या झाडापतूर न्या नि आना." ह्यांनी टायरची सबब काढली. तो म्हणाला, मिस्त्रीला विचारून आलोय, टायर धड आहेत. ह्यांनी इंजिनाचं सांगितलं. तो म्हणाला, चालू तर करा, मी आवाज ऐकतो.

कोंडीबाने हँडल मारलं. भावजी, दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. इतक्या वर्षांनी. अंगणातली कोंबडी उडाली, तानुबाई ओरडली. ह्यांच्या तोंडावर असा आनंद पसरला की मी लग्नातसुद्धा तसा बघितला नव्हता. त्या आनंदातच ते चढून बसले. चाकावर दोन्ही हात ठेवले, पाय दाबला. मी दाराशी उभी होते. आत्याबाई नारळ घेऊन धावत आल्या आणि मोटारीसमोर मधोमध उभ्या राहिल्या, फोडायला. बॉनेटपासून हातभर अंतरावर.

ह्यांनी गिअरचा दांडा हातात धरला होता. मान न वळवता मला हळू विचारलं, "म्होरं कोन हाय का गं?"

कोणी नाही म्हणाले असते तर त्यांनी सोडली असती. आत्याबाईंना बाजूला व्हा म्हणून ओरडले असते तर ह्यांची लाज राहिली असती. हे दोन्ही मला सुचलं. पण पिंपरणीपर्यंत रस्त्यात शेळ्या होत्या, लोक होते, विहीर होती. मी म्हणाले, "आत्याबाई हाईत. तुमच्या फुडं. हातभर."

त्यांनी इंजिन बंद केलं. चाकावरचे हात मांडीवर घेतले. दादासो म्हणाला, "का वं? काय झालं?"

"मला दिसत न्हाई," हे म्हणाले. "भाऊ हाय माझा, लष्करात डायवर हाय. त्यो यील, चालवंल. मोटार इकायची न्हाई."

दादासोने पागोटं काढून हातात घेतलं आणि चहा न घेता निघून गेला. कोंडीबा हँडल धरून तसाच उभा. आत्याबाईंनी नारळ खाली ठेवला, फूटबोर्डावर चढल्या आणि लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

संध्याकाळी मी ह्यांना ताटावर घेऊन गेले. भाकरी कुठे, कालवण कुठे, ते पहिल्यांदा तोंडाने सांगितलं. रोज मी नुसतं ताट सरकवायची आणि ते चाचपत जेवायचे, मी दुसरीकडे बघायची. जेवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कवापासनं ठावं हाय?"

मी म्हणाले, "तुमी आल्या दिवसापासनं."

ते बघतच राहिले, माझ्या खांद्याशेजारी. मग म्हणाले, "आन मग येवढं दिस मी ह्या भिंती धरून कुनासाठी चाललो गं?"

आपली,
मनुबाई